सहा दिवसांचा इंटेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स घ्यावा की नाही? स्विंडनमधील एका परिचारिकेचे प्रकरण

साताऱ्याहून इंग्लंडमधील स्विंडन या शहरात परिचारिका म्हणून आलेल्या, पस्तिशीच्या एका ताईंनी २०२४ च्या एप्रिलमध्ये मला विचारलेला प्रश्न साधा वाटावा असा होता. सहा दिवसांत तीस तासांचे प्रशिक्षण आणि शेवटच्या दिवशी परीक्षा, असा इंटेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स आपल्याला मानवेल का, एवढेच त्यांना हवे होते, आणि उत्तरही त्याच आठवड्यात हवे होते, कारण कोर्स विकणाऱ्या संस्थेने आगाऊ रक्कम भरण्यासाठी मुदत घातलेली होती. मी या भागात शिकाऊ चालकांना शिकवतो आणि आपल्याकडून आलेली बरीच मंडळी हा प्रश्न घेऊन येतात. परंतु या प्रकरणात कायदा, पैसा, नोकरी आणि जुन्या सवयी या चारही गोष्टी एकदम आडव्या आल्या होत्या, म्हणून ते सविस्तर मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

ताईंकडे महाराष्ट्रातील पक्के लायसन्स होते, तेही दहा वर्षांहून जुने. रोजचे जाणेयेणे ॲक्टिवावर असले तरी सासरची मॅन्युअल गिअरची गाडी त्या अधूनमधून चालवत आणि मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वरलाही गेलेल्या होत्या. स्विंडनला त्या २०२३ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आल्या. पहिले काही महिने हॉस्पिटलच्या वॉर्डात बसने जाऊन भागले. पुढे त्यांची निवड रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या पथकात झाली आणि त्या कामासाठी ब्रिटिश लायसन्स असण्याची अट होती. रुजू होण्याची तारीख सप्टेंबरअखेरची होती.

बारा महिन्यांचे कलम

भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये थेट बदलून मिळत नाही. ज्या देशांची लायसन्से बदलून मिळतात त्यांच्या यादीत भारत नाही. मात्र भारताचे वैध पक्के लायसन्स असलेल्या माणसाला येथे रहिवासी झाल्यापासून बारा महिने त्याच लायसन्सवर गाडी चालवता येते. हे बारा महिने येथे वास्तव्य सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजतात, गाडी घेतल्यापासून किंवा विमा उतरवल्यापासून नव्हे. आंतरराष्ट्रीय परवाना काढला म्हणून ही मुदत वाढत नाही, आणि मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे येथले कच्चे लायसन्स काढले म्हणूनही वाढत नाही. बारा महिने संपले की दहा वर्षे गाडी चालवलेला माणूसदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ होतो : गाडीला एल लावायचा, शेजारी अर्हताप्राप्त माणूस बसवायचा आणि त्याखेरीज चाक हातात घ्यायचे नाही.

हा शेजारी बसणारा माणूस किमान २१ वर्षांचा असावा लागतो आणि त्याच्याकडे मान्यताप्राप्त पक्के लायसन्स किमान तीन वर्षांपासून असावे लागते. ताईंच्या यजमानांनी येथली परीक्षा नुकतीच उत्तीर्ण केली होती. भारतातील त्यांची पंधरा वर्षे या कामी मोजली जात नव्हती. याचा अर्थ असा की ऑक्टोबरपर्यंत ताई घरच्या गाडीवर, विमा असल्यास, एकट्यादेखील सराव करू शकत होत्या. ऑक्टोबरनंतर मात्र यजमान शेजारी बसूनही तो सराव बेकायदा ठरला असता. सराव फुकटात करण्याची सोय सहा महिन्यांनी संपणार होती आणि कोर्सच्या जाहिरातीत या सोयीचा अर्थातच उल्लेख नव्हता. मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच होती, आणि ताईंच्या हिशेबात ती कुठेच नव्हती.

कोर्स नेमका काय देत होता

इंटेन्सिव्ह कोर्स म्हणजे वेगळा अभ्यासक्रम नव्हे. नेहमीचेच तास दाटीवाटीने बसवलेले असतात. रोज पाच तास, सहा दिवस, आणि अखेरीस प्रॅक्टिकल टेस्ट. प्रॅक्टिकलची तारीख घेण्यापूर्वी थिअरी टेस्ट उत्तीर्ण व्हावी लागते. त्यात ५० प्रश्नांपैकी किमान ४३ बरोबर यावे लागतात आणि रस्त्यावरील धोका ओळखण्याच्या चित्रफितींमध्ये ७५ पैकी ४४ गुण मिळवावे लागतात. ताईंनी हा टप्पा मार्चमध्येच ओलांडला होता. हे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, त्यामुळे त्या बाजूने घाई नव्हती.

कोर्सची खरी किंमत तासांत नव्हती, तारखेत होती. सरकारच्या संकेतस्थळावर स्विंडनच्या केंद्रात ताईंना मिळत असलेली सर्वांत जवळची तारीख ऑगस्टच्या मध्यावरची होती. संस्था मात्र तीन आठवड्यांनंतरची तारीख देऊ करत होती, फक्त ती दुसऱ्या परगण्यातील, ताईंनी कधी न पाहिलेल्या शहरातली होती. कोविडनंतर येथे परीक्षेसाठी लागणाऱ्या रांगा तेव्हा इतक्या लांबल्या होत्या की तारीख हीच विकाऊ वस्तू बनली होती. परीक्षेचे सरकारी शुल्क कामाच्या दिवशी ६२ पौंड आणि सायंकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५ पौंड आहे. संस्थेचे एकूण मागणे मात्र सोळाशे पौंडांच्या वर होते. त्या वेळच्या साधारण ३५ ते ४० पौंड तासाच्या दराने तीस तासांचे साडेदहाशे ते बाराशे होतात, तेव्हा उरलेली रक्कम कशाची, हे उघड आहे. नव्याने आलेला माणूस प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात शंभराने गुणतो, तसे ताईंनीही गुणले होते आणि आकडा पाहून त्यांची झोप उडाली होती. तरीही ‘एकदाच काय ते होऊन जाईल’ या विचाराने त्या पैसे भरायच्या बेतात होत्या.

अटींचा कागद मी त्यांच्यासमवेत वाचला. त्यात दोन कलमे महत्त्वाची होती. पहिले असे की नापास झाल्यास पुढच्या तारखेची जबाबदारी संस्थेची नाही. दुसरे असे की विद्यार्थी तयार नाही असे प्रशिक्षकाचे मत झाल्यास परीक्षेसाठी गाडी न देण्याचा अधिकार त्याला राहील. दुसरे कलम अन्यायाचे नाही. तयार नसलेल्या माणसाला परीक्षेला नेणे धोक्याचे असते आणि मीही तसे नेत नाही. परंतु सहा दिवसांच्या कोर्समध्ये हा निर्णय पाचव्या दिवशी होतो, आणि तोवर पैसे, रजा व तारीख तिन्ही खर्ची पडलेली असतात.

दोन तासांची फेरी

अशा वेळी बोलण्यात अर्थ नसतो. मी त्यांना आधी दोन तासांची एक फेरी घ्यायला सांगितले. माझ्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशीही क्लच व ब्रेक असतात, त्यामुळे मला ती फेरी थेट रहदारीत घेता आली.

पहिल्या दहा मिनिटांत मला वाटले की हे काम सोपे आहे. स्विंडनच्या ओल्ड टाउन भागातल्या चढावर मी त्यांना गाडी थांबवून पुन्हा सुरू करायला सांगितले, आणि त्यांनी हाफ क्लचवर गाडी अशी उचलली की हँडब्रेक सुटल्याचे कळलेदेखील नाही. येथली सतरा-अठरा वर्षांची मुले या एका गोष्टीवर चार-चार तास घालवतात. गिअर बदलणे, अरुंद गल्लीतून समोरच्या गाडीला वाट देणे, गाडीच्या रुंदीचा अंदाज, या साऱ्यांत घाटातल्या रस्त्यांचा हात दिसत होता. शिवाय आपल्याकडेही वाहन डावीकडूनच चालते आणि चाक उजवीकडेच असते, त्यामुळे युरोपातून आलेल्यांना पडणारा पेच त्यांना नव्हता.

मग आम्ही वस्तीतल्या मिनी राउंडअबाउटांकडे वळलो. जमिनीवर रंगवलेला पांढरा गोल, तीन-चार रस्ते, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. नियम ताईंना तोंडपाठ होता. थिअरीत त्यांचे गुण उत्तम होते. प्रत्यक्षात त्या गोलाजवळ येताना क्लच आधीच दाबत, गाडी मोकळी घरंगळू देत आणि नजर समोरच्या रस्त्यावर खिळवून, उजवीकडे अगदी शेवटच्या क्षणी पाहत. एकदा उजवीकडून पांढरी व्हॅन येत होती. ताईंनी ती पाहिली, पण थांबण्याऐवजी तिचा चालक आपल्याला पाहून वेग कमी करील असे गृहीत धरून त्या पुढे सरकल्या, आणि मला माझ्या पायाखालचा ब्रेक दाबावा लागला. परीक्षेत परीक्षकाने असा ब्रेक दाबला असता तर निकाल तिथेच लागला असता.

“सर, तो थांबला असता ना,” ताई म्हणाल्या.

“कदाचित थांबलाही असता, ताई. पण इथे त्याला थांबायला लावणं हीच चूक धरतात.”

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर त्यांची ती खेळी चूक नव्हती. तिथे सगळेच थोडे थोडे पुढे सरकतात, एकमेकांच्या चाकांवर नजर ठेवतात आणि कुणी तरी वेग कमी करतो. त्या व्यवहारातही एक शिस्त असते आणि ती न पाळणारा दिवसभर नाक्यावर उभा राहील. येथील शिस्त निराळी आहे. ज्याचा हक्क आहे त्याला वेग किंवा दिशा बदलावी लागू नये, अशी ती आहे. ताईंना गाडी चालवता येत नव्हती असे मुळीच नाही. दुसऱ्या चालकांच्या वागण्याविषयीचा त्यांचा अंदाज दहा वर्षे वेगळ्या रस्त्यांवर घडलेला होता.

आरशांचेही तसेच. दोन तासांत त्यांनी डावा आरसा आपणहून जवळजवळ पाहिलाच नाही. रस्त्याच्या कडेवरून निघताना उजव्या खांद्यावरून मागे पाहणे त्यांच्या अंगात नव्हते, कारण आपल्याकडे मागचा हॉर्न वाजवून सांगतो आणि पुढच्याने समोर पाहावे अशी एक अलिखित वाटणी असते. ब्रिटिश परीक्षक हा मुद्दा सोडत नाहीत. परीक्षेत १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात. सोळावी झाली की नापास, आणि गंभीर किंवा धोकादायक अशी एक जरी झाली तरी नापास. त्यातही तीच किरकोळ चूक वारंवार झाली तर परीक्षक तिला गंभीर ठरवू शकतो. चौकात पुरेसे निरीक्षण न करणे आणि दिशा बदलताना आरशांचा नीट वापर न करणे ही नापास होण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि ताईंची उणीव नेमकी तिथेच होती.

जाता जाता त्यांनी मॅजिक राउंडअबाउटविषयी विचारले, कारण स्विंडनमध्ये आलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी त्याचा धाक घातलेला असतो. १९७२ मध्ये फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूक अभियंत्याच्या कल्पनेतून उभा राहिलेला हा चौक म्हणजे मोठ्या वर्तुळाभोवती मांडलेले पाच मिनी राउंडअबाउट आहेत, आणि आतल्या वर्तुळाभोवतीची वाहतूक चक्क उलट्या दिशेने फिरते. नकाशावर तो चक्रव्यूह वाटतो. चालवणाऱ्यासाठी मात्र एका वेळी एकच गोल समोर असतो आणि प्रत्येक ठिकाणी उजवीकडच्याला वाट देणे हा एकच निर्णय पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो. वस्तीतला साधा गोल ज्याला नीट जमतो त्याला हाही जमतो. ज्याला तो जमत नाही त्याने यावर वेळ घालवू नये, असे माझे मत आहे, आणि त्या दिवशी आम्ही तिकडे फिरकलोच नाही.

तास किती हे ठरवण्याआधी तास कशासाठी

परीक्षा घेणारी सरकारी संस्था डीव्हीएसए सांगते की उत्तीर्ण होणाऱ्याला सरासरी ४५ तासांचे प्रशिक्षण आणि त्याशिवाय २२ तासांचा सराव लागतो. हा आकडा शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसह सर्वांचा आहे, म्हणून ताईंना तो जसाच्या तसा लागू नव्हता. तीस तास त्यांना बहुधा पुरले असते. प्रश्न तीस तासांचा नव्हता, ते तास सहा दिवसांत घ्यावेत की दहा आठवड्यांत, हा होता.

या बाबतीत ब्रिटनमध्येच झालेला एक जुना प्रयोग मला नेहमी उपयोगी पडतो. टपाल खात्याला पत्रांच्या वर्गवारीच्या यंत्रांसाठी पोस्टमनना टंकलेखन शिकवायचे होते. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले : काहींना दिवसाला एक तास, काहींना एकेक तास दोनदा, काहींना सलग दोन तास आणि काहींना दोन-दोन तास दोनदा. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कळफलक आत्मसात करायला रोज एक तास शिकणाऱ्यांना सुमारे ३५ तास लागले, तर रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५०. गंमत अशी की सर्वांत कमी तासांत शिकलेला गटच आपल्या शिकवणीवर सर्वांत कमी समाधानी होता, कारण दिवस पाहता तो मागे पडल्यासारखा दिसत होता. इंटेन्सिव्ह कोर्स केलेले लोक त्याविषयी उत्साहाने का बोलतात, याचे अर्धे उत्तर त्यात आहे.

टंकलेखन म्हणजे ड्रायव्हिंग नव्हे, हे मान्य. गाडीच्या बाबतीत एका तासाचा धडा मला तोकडा वाटतो, कारण योग्य रस्त्यावर पोहोचण्यात आणि हात मोकळा होण्यातच त्यातली पंधरा मिनिटे जातात. दोन तासांचा धडा आणि मध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती, हे मला बहुतेकांसाठी योग्य वाटते. तिसऱ्या तासानंतर माणूस गाडी चालवत राहतो, पण पाहणे कमी होते. आरसे गळतात, वेगमर्यादेच्या पाट्या निसटतात. ज्याचे दुखणे क्लचचे किंवा रिव्हर्स पार्किंगचे आहे त्याला सलग घोटून घेतल्याने फायदा होतो. ज्याचे दुखणे पाहण्याच्या सवयीचे आहे, त्याला पाचवा तास म्हणजे जुन्या सवयीचाच आणखी एक तास सराव.

ताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या पाळ्या बारा तासांच्या होत्या आणि महिन्यातला बराच काळ रात्रपाळी असे. कोर्ससाठी त्या एक आठवडा रजा काढणार होत्या, पण ती रजा चार रात्रपाळ्यांना लागून येत होती. झोप उलटीपालटी झालेल्या माणसाने रोज पाच तास अनोळखी शहरात गाडी शिकावी आणि सहाव्या दिवशी परीक्षा द्यावी, हा बेत कागदावर बसत असला तरी मला पटला नाही.

ठरले ते असे

कोर्सचे पैसे भरायचे नाहीत, असे आम्ही ठरवले. ऑगस्टच्या मध्याची स्विंडनची तारीख त्याच संध्याकाळी ६२ पौंड भरून घेतली आणि कुणी रद्द केलेली आधीची तारीख मिळते का, याकडे ताई व त्यांचे यजमान रोज लक्ष ठेवू लागले. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास असे धडे ठरले. पाळ्यांचे वेळापत्रक लागेल तसे दिवस बदलायचे, मात्र रात्रपाळी उतरलेल्या सकाळी धडा घ्यायचा नाही. ताईंचे नाव यजमानांच्या गाडीच्या विम्यावर चढवले. भारतीय लायसन्सवर घेतलेला हा विमा स्वस्त नव्हता, पण कोर्ससाठी तारखेपोटी जी जादा रक्कम जाणार होती तिच्यापेक्षा तो बराच कमी होता आणि त्यातून सरावाचे सहा महिने मिळत होते.

ऑटोमॅटिकवर परीक्षा द्यावी का, हेही पाहिले. ऑटोमॅटिकवर उत्तीर्ण झाल्यास मॅन्युअल गाडी चालवता येत नाही. नोकरीतल्या गाड्या दोन्ही प्रकारच्या होत्या. ताईंचे गिअरवरचे प्रभुत्व पाहता तो विचार पाच मिनिटांत बाजूला पडला.

धड्यांत नवीन असे फारसे काही शिकवावे लागले नाही. बोलत गाडी चालवणे, एवढे एकच साधन आम्ही वापरले. जे दिसते ते आणि जे करायचे ते चालकाने मोठ्याने म्हणायचे. इंग्रजीत ते करताना ताई शब्द शोधत बसत, म्हणून मराठीतच चालू झाले : “मधला आरसा, डावा आरसा, सायकलवाला मागे आहे, इंडिकेटर, वेग कमी, दुसरा गिअर, उजवीकडून लाल गाडी, थांबते.” क्लच शेवटी दाबायचा, गोलाजवळ येताना नजर आधी उजवीकडे न्यायची आणि मग समोर. पहिल्या दोन आठवड्यांत बोलणे गाडीच्या मागे पडे. गोल ओलांडून झाल्यावर ‘उजवा आरसा’ ऐकू येई. पाचव्या आठवड्याच्या सुमारास ते गाडीच्या पुढे गेले. मधल्या दिवसांत त्या यजमानांना शेजारी बसवून हेच करत. यजमानांना गप्प बसण्याचा सराव करावा लागला, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

याच सुमारास एका तरुणाने मला अगदी हाच प्रश्न विचारला आणि त्याला मी कोर्स घे असे सांगितले, हे येथे नमूद केले पाहिजे. तो एकदा थोडक्यात नापास झालेला होता, चूक एकच होती, पुढची तारीख हातात होती आणि मध्ये सहा महिने गाडीला हात न लागल्याने सराव तुटला होता. त्याला नवे वळण लावायचे नव्हते, जुनेच पुन्हा वर काढायचे होते, आणि त्यासाठी तीन दिवसांचा दाट सराव पुरेसा होता. उलट ज्याने कधीच चाक हातात घेतलेले नाही अशा सतरा वर्षांच्या मुलाला सहा दिवसांत परीक्षेपर्यंत नेण्याची जाहिरात मी पाहतो, तेव्हा तो मुलगा उत्तीर्ण झाला तर पहिल्या पावसाळी रात्री काय करील, याची मला अधिक चिंता वाटते.

पुढे काय झाले

रद्द झालेली एक तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. परीक्षा सुमारे चाळीस मिनिटांची असते : वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचणे, गाडीविषयीचे दोन प्रश्न, एक रिव्हर्सचा प्रकार आणि, २०२४ मध्ये, साधारण वीस मिनिटे नॅव्हिगेशनवर किंवा पाट्या वाचून स्वतःच्या बळावर चालवणे. ताईंनी सारे राउंडअबाउट व्यवस्थित पार केले. मग परीक्षकाने त्यांना रस्त्याच्या कडेला थांबवले आणि पुन्हा निघायला सांगितले. आरसे पाहिले, इंडिकेटर दिला, खांद्यावरून मागे पाहायचे राहिले, आणि नेमका त्याच वेळी एक सायकलस्वार शेजारून पुढे येत होता. त्याला ब्रेक लावावा लागला. बाकी किरकोळ चुका सहाच होत्या. पण ही एक गंभीर ठरली आणि निकाल नापास असा लागला.

ताणाखाली जुनी सवय उसळी मारते, हे पाहायला मिळाले ते असे. अडीच महिन्यांच्या सवयीने दहा वर्षांच्या सवयीला पूर्ण मागे सारले नव्हते; मग सहा दिवसांच्या सवयीने काय केले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा. नापास झाल्यावर पुढची परीक्षा किमान दहा कामाचे दिवस सोडून देता येते, प्रत्यक्षात तारीख मिळायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. संस्थेच्या बेताप्रमाणे हाच निकाल मेमध्ये लागला असता तर ताईंच्या हातात ना पैसे उरले असते ना रजा. आता मात्र दोन्ही शिल्लक होत्या, मुदत संपायला जवळजवळ तीन महिने होते आणि घरच्या गाडीवरचा सराव अजून कायदेशीर होता.

मधल्या काळात मी चारच धडे घेतले. त्यातले दोन जवळजवळ केवळ थांबणे आणि निघणे यावर गेले. वर्दळीच्या रस्त्यावर कडेला उभे राहायचे, डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत सहा ठिकाणी पाहायचे, निघायचे, शंभर मीटरवर पुन्हा थांबायचे. कंटाळवाणे काम होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील रद्द झालेली तारीख यजमानांनी पहाटे उठून पकडली, आणि त्या परीक्षेत चार किरकोळ चुकांवर ताई उत्तीर्ण झाल्या. भारतीय लायसन्सची मुदत संपायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. एकूण खर्च, विमा व दोन्ही परीक्षांचे शुल्क धरून, कोर्सच्या मागणीपेक्षा थोडा जास्तच झाला. कमी पैशांत काम झाले असे म्हणता येणार नाही, आणि केवळ पैशाच्या निकषावर कुणी कोर्सच्या बाजूने बोलले तर त्यात तथ्य आहे.

नव्या नोकरीसाठी दोन गोष्टी लगेच कराव्या लागल्या. कामावर जाण्यायेण्याचा विमा एका रुग्णाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जायला चालत नाही, त्यासाठी व्यावसायिक वापराचा विमा घ्यावा लागतो. तो रुजू होण्याच्या आदल्या दिवशी घेतला. दुसरी गोष्ट रस्त्यांची. ब्रिटनमध्ये उत्तीर्ण झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचे सहा दंडगुण झाले की लायसन्स रद्द होते आणि दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. ताईंच्या फेऱ्या स्विंडनच्या आसपासच्या विल्टशर परगण्यातील खेड्यांत होत्या. तिथे दोन्ही बाजूंना उंच कुंपणे, दिवे नाहीत, आणि पाटीवर ताशी ६० मैलांची मर्यादा असली तरी वळणावर तीसदेखील जास्त. यातले काहीच परीक्षेत फारसे येत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये दिवस मावळल्यावरचे आणखी काही धडे त्यांनी स्वतःहून मागून घेतले, आणि त्या वळणांवर मात्र केळघर घाटाने शिकवलेला संयम जसाच्या तसा कामी आला.